रिकाम्या कोपऱ्याचं कारण

गजू, तुझ्याविषयी एक चुकीची गोष्ट पसरली आहे. ती चुकीची आहे हे मला पहिल्या क्षणापासून माहीत होतं, आणि ती सांगितली जात असताना मी समोरच्या रांगेत बसून मान हलवत होतो.

वाशीमला तुझी शोकसभा झाली. हॉल भरला होता, बाहेर पायरीवरही माणसं होती. एक निवृत्त प्राध्यापक बोलायला उठले. चांगलं बोलतात. ते म्हणाले, "गेल्या काही महिन्यांत गजाननरावांच्या चित्रातून मापारी नाहीसा झाला. उजवीकडचा खालचा कोपरा त्यांनी रिकामा ठेवायला सुरुवात केली. मित्रहो, त्या कोपऱ्यातून कोण निघून गेलं होतं? खुद्द चित्रकार निघून गेला होता. त्यांना चाहूल लागली होती. ते रोज सकाळी आपल्याला सांगत होते, मी निघालो. आपण मात्र ओळखलं नाही." बायका डोळे पुसायला लागल्या. माझ्या शेजारच्या माणसानं माझ्या हातावर हात ठेवला. मी मान हलवली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा हलवली.

दुसऱ्या दिवशी तुझ्या अकोल्याच्या दैनिकात तेच भाषण आलं, 'रिकामा कोपरा' असं नाव देऊन. आता तुझ्या चित्रांचं प्रदर्शन त्याच हॉलमध्ये भरणार आहे आणि शेवटच्या महिन्यांची चित्रं वेगळ्या भिंतीवर, त्याच नावाखाली लावायची असं ठरलं आहे. सोबत एक छोटी पुस्तिका निघेल. वहिनींनी मला सांगितलं, "भाऊजी, लहानपणचं तुमच्याशिवाय कोणाले माहीत नाही. तुमीच लिहा."

म्हणून लिहायला बसलो. लहानपणचं लिहिता लिहिता खरं कारण लिहावंच लागेल, हे वहिनींना तेव्हा माहीत नव्हतं. मलाही पूर्ण माहीत नव्हतं.

तुला सांगायची गरज नाही, पण पुस्तिका वाचणाऱ्या प्रत्येकाला मापारी ठाऊक असेलच असं नाही. आमच्याकडे बाजारात धान्य मोजून देणाऱ्या माणसाला मापारी म्हणतात. तुझ्या रोजच्या व्यंगचित्रात कोपऱ्यात एक उंच, वाळका, गोल चष्म्याचा, लांब नाकाचा, काखेत छत्री मारलेला माणूस असायचा. तो कधी बोलायचा नाही. चित्रात जे मोठं चाललेलं असेल तिकडे त्याचं लक्षच नसायचं. नवा रस्ता खचून पुढारी खड्ड्यात पडले की हा वितीनं खड्डा मोजायचा. प्रचारसभेत भाषण रंगात आलं की हा रिकाम्या खुर्च्या मोजायचा. पाण्याच्या टँकरपुढे बायकांची भांडणं लागली की हा टँकरच्या गळतीखाली हात धरून थेंब मोजायचा. लोक आधी त्याला शोधायचे आणि मग चित्राखालची ओळ वाचायचे.

किती वर्षं तो पेपरात होता, याचे सभेत चौघांनी चार वेगवेगळे आकडे सांगितले. मी तपासलेलं नाही, म्हणून आकडा देत नाही.

त्याचा जन्म मात्र कुठं झाला ते मला माहीत आहे. अनसिंगला, आमच्या किराणा दुकानात.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, वाशीमहून रद्दीची पोती आणायचे. त्यात पेपर असायचे, परीक्षेच्या वह्या असायच्या, आणि शहरातल्या पोरांनी वाचून टाकलेली चित्रांची पुस्तकं असायची, कॉमिक्स, काही मराठी, बरीच हिंदी. पोतं ओट्यावर उलटं करायचं, पुस्तकांचे टाके सोडवायचे, पानं सुटी करायची आणि आकारानं लावून ठेवायची, हे काम माझं होतं. मोठ्या पानात शेंगदाणे, मधल्यात साखर, छोट्यात हळद आणि चहापत्ती. दादा पानाचा कोन वळायचे, माल भरायचे, वरचं टोक आत मुडपायचे आणि दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे. गावातल्या कितीतरी घरांत राक्षस, राजपुत्र, गुप्तहेर आणि अंतराळात गेलेली माणसं अशी पुडीपुडीनं पोचली. बाकीच्यांनी ती चुलीत घातली. तू ती मांडीवर घासून सरळ केलीस.

मी अख्खी पुस्तकं वाचत असे. टाके सोडवायच्या आधी वाचून घ्यायची मला मुभा होती. तुला कधीच अख्खं पुस्तक मिळालं नाही. तुझ्या घरी चहापत्ती संपायची तेव्हा एक पान मिळायचं. तुझी आई तुला दुकानात पाठवायची आणि तू फळीवर हनुवटी टेकून म्हणायचास, "काका, चित्राच्या कागदात बांधा."

दादा म्हणायचे, "चहा पितो का चित्र पितो रे तू?"

"चहा बाबा पितात. चित्र माह्यं."

पुढे तुझी मुलाखत घ्यायला आलेली माणसं विचारायची, की तुमच्या चित्रातली माणसं अर्धंच वाक्य का बोलतात, तुमचं चित्र सुरुवातीपासून सुरू न होता मधूनच का सुरू होतं. ते त्याला मोठमोठी नावं द्यायचे. तू हसून चहा मागवायचास. खरं काय ते तू मला एकदा सांगितलंस. पुडीचं टोक मुडपलेलं असायचं, ते उघडताना फाटायचं, आणि बोलण्याचा फुगा नेमका वरच्या टोकाला असायचा. राजा म्हणायचा, "प्रधानजी, आजपासून या राज्यात" आणि पुढे कागद नाही. आजपासून काय, ते तुला स्वतःलाच ठरवावं लागायचं. तुझ्या रंगीत चित्रांतलं आभाळ नेहमी पिवळट असायचं त्याचंही कारण हेच. हळदीच्या पुडीतलं आभाळ तसंच असतं.

आणि त्या पानांवरूनच तुझं माझं पहिलं भांडण झालं. आपण चौथीत होतो. तू सगळी पानं एकाखाली एक लावून एक जाडजूड पुस्तक शिवलं होतंस. तुझ्या मते ती एकच गोष्ट होती. राजपुत्र जंगलात शिरायचा आणि पुढच्या पानावर गुप्तहेर होऊन रेल्वेत बसायचा. त्याच्या पुढच्या पानावर तोच चंद्रावर उतरायचा. मी तुला समजावलं, की ही वेगवेगळ्या पुस्तकांची पानं आहेत. मी स्वतः फाडली आहेत. तू ऐकेनास. मग मी तुला पानाखालचे आकडे दाखवले.

"हे बघ, हे पान चौदा. आणि हे पण चौदा. एका गोष्टीत दोन चौदा कसे?"

तू दोन्ही पानं नीट पाहिलीस आणि म्हणालास, "एक चौदा सकाळचं. एक सांजचं."

"राजपुत्राचं तोंड पण वेगळं आहे."

"माणूस मोठा होते की नाही लेका? तोंड बदलणारच."

"मग गोष्ट एकच आहे कशावरून?"

तेव्हा तू मला तो माणूस दाखवलास. राजाच्या दरबाराच्या पानावर सिंहासनामागे हातात तराजू घेऊन एक वाळका माणूस उभा होता. गुप्तहेराच्या पानावर तिकिटाच्या खिडकीत एक वाळका माणूस होता. जंगलाच्या पानावर नदीपलीकडे छत्री घेऊन एक उभा होता. सगळ्यांना गोल चष्मा आणि लांब नाक. मला आज कळतं, की चित्रं काढणाऱ्यांना गर्दी भरायला पटकन काढता येईल असा एक माणूस लागतो, आणि बहुतेक जण तो तसाच काढतात. तुझं म्हणणं वेगळं होतं.

"हा सगळीकडं हाय पाह्य. राजा मरते, राक्षस मरते, हा मरत नाई. याले कोणी मारतच नाई, काहून की याच्याकडं कोणाचं ध्यानच नाई. याच्यावरून समजते गोष्ट एकच हाय. याचं नाव मापारी."

मी म्हणालो, हे साफ चूक आहे. मी वर्गात पहिला होतो आणि चूक ही चूकच, असं मला वाटायचं. आजही वाटतं. पण त्या एका चुकीवर तू पुढचं आयुष्य चित्रं काढलीस आणि सगळा जिल्हा ती पाहत आला. मी बरोबर असूनही माझ्याकडे मात्र त्यातलं काही राहिलं नाही.

मी गणिताचा मास्तर झालो आणि आपण दोघंही वाशीमला आलो. सकाळी पेपर आला की मी तुला फोन करायचो. वहिनी म्हणायच्या, "आला तुमच्या इन्स्पेक्टरचा फोन."

"गजू, आजच्या चित्रात बैलगाडीच्या एका चाकाला आठ आरे काढलेस आणि दुसऱ्याला सात."

"सकाळी सकाळी आरे मोजून राह्यला का बे? चहा झाला का?"

"कोणीतरी मोजायला पाहिजे."

"मंग थो मापारी म्या कायले ठेवला?"

असं तू म्हणायचास. एकदा नाही, अनेकदा. म्हणून मला जे वाटलं ते अगदीच विनाकारण वाटलं असं मी म्हणणार नाही. मी उंच आहे, वाळका आहे, नाक लांब आहे, मला चष्मा आहे आणि छत्री काखेत असतेच. शाळेच्या स्टाफरूममध्ये तुझं चित्र फळ्याच्या कोपऱ्यात टाचलेलं असायचं. "सर, आज तुमाले टँकरखाली उभं केलं जी." "सर, आज खुर्च्या किती भरल्या?" मी हसायचो. हसल्यासारखं करायचो. घरी आल्यावर ते चित्र पुन्हा काढून पाहायचो आणि त्या माणसाच्या चेहऱ्यात मला माझी टर उडवलेली दिसायची. एवढी मोठी घटना समोर घडते आहे आणि हा मूर्ख थेंब मोजतो आहे, असंच तुला माझ्याबद्दल वाटतं, असा मी हिशेब केला. तुला कधी विचारलं नाही.

माझ्या मुलीच्या, नेहाच्या, लग्नाचं जमत होतं. मुलाकडचे रिसोडचे, धान्याचे व्यापारी, आमच्याच जैन समाजातले, घर चांगलं. आम्ही त्यांच्याकडे बैठकीला गेलो. बैठकीत जाऊन बसतो न बसतो तोच मुलाचे वडील माझ्याकडे पाहून थबकले आणि मोठ्यानं म्हणाले, "अरे बाप रे! हे तर पेपरातले मापारी! या, या मापारीसाहेब, बसा!"

सगळी बैठक हसली. आतल्या दारातल्या बायका हसल्या. नवरा मुलगा मान खाली घालून हसला. माझी बायकोसुद्धा हसली. आणि गजू, वाईट हे, की मी त्या क्षणी खरोखरच त्यांच्या खुर्च्या मोजत होतो, आमची माणसं बसतील का म्हणून.

परतीच्या वाटेवर एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो. बायको म्हणाली, "अहो, प्रेमानं म्हणाले ते." नेहा म्हणाली, "बाबा, मला तर बरं वाटलं, सगळे मोकळे झाले." मी दोघींना गप्प बसवलं. मुलीचा बाप हसण्याचा विषय झाला, आता उद्या सासरी तिला काय किंमत राहील, असं माझं चाललं होतं.

त्याच आठवड्यात तुझ्याकडे आलो. दिवस कलला होता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, दिवस मावळायच्या आत खाऊन घ्या, मग तुमचं चालत नाही." त्या माझ्यासाठी घाईनं पोळ्या टाकायला आत गेल्या आणि मी तुला म्हणालो, "गजू, तो मापारी बंद कर."

"काहून? आता काय चुकलं त्याचं?"

"माझी अब्रू जाते. सोयरे हसले माझ्यावर."

"तुह्यावर? थो तू कुठी हाय बे?"

"सगळे तसंच म्हणतात."

"सगळे म्हणतात म्हनून तू झाला? गणिताचा मास्तर ना तू? पुरावा दे."

मी पुरावा दिला. बोटांवर मोजून दिला. उंची, चष्मा, नाक, छत्री, मोजण्याची सवय. तू हसायला लागलास, आणि मग माझा चेहरा पाहून थांबलास.

"पोरीच्या सोयरिकीत आडवा येऊन राह्यला का थो?"

मी हो म्हणालो.

ते खरं नव्हतं. सोयरीक ठरलीच होती. त्यांचा होकार आदल्या दिवशीच आला होता. मी तुला ते सांगितलं नाही.

"मंग काहाडून टाकतो," तू म्हणालास. "पोरीपुढं कायचं आलं."

बस, एवढंच. वाद नाही, रुसवा नाही. वहिनींनी ताटं वाढली, आपण जेवलो. तू मला भाजीचं विचारलंस. दोन दिवसांनी पेपर उघडला तर कोपऱ्यात कोणी नव्हतं. रस्त्याची एक रेघ होती आणि पुढे कोरं. मला बरं वाटलं, गजू. खोटं कशाला लिहू? मी पेपराची घडी घातली आणि निवांत चहा प्यालो.

वाचकांची पत्रं आली. मापारी कुठे आहेत, बरे आहेत ना. दैनिकानं त्यातली काही छापली. तू कोणालाच उत्तर दिलं नाहीस. लग्नात तू पाहुण्यांना वाढायला उभा होतास, हातात बुंदीचं पातेलं. माझे व्याही तुझ्यापाशी आले आणि मी जवळच होतो.

"गजाननराव, तुमचा मापारी कुठी गेला हो? आमच्या दुकानात हमालांपासून सगळे विचारतात. सकाळी पेपर आला की आधी त्यालेच पाहत होतो आमी. मी तर यांले पहिल्या दिवशी पाहिलं आन् इतका खूष झालो! म्हटलं, असा माणूस आपल्या घरात आला तं काटा कधी चुकणार नाही."

तू म्हणालास, "सुट्टीवर हाय. घ्या, बुंदी घ्या."

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. पाहिलं असतंस तर मी कदाचित बोललो असतो, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. पण बोलायचं काम माझं होतं. तुला नुसतं एवढं सांगायचं होतं, की परत आण त्याला. लग्नाची गडबड उरकू दे म्हटलं. मग दिवाळी होऊ दे म्हटलं. मग वाटलं, आता आपणच सांगून काढायला लावला आणि आपणच परत आण म्हणायचं, तर गजू काय म्हणेल. सकाळचे फोन मी चालू ठेवले होते. आऱ्यांबद्दल, विजेच्या तारांबद्दल, घड्याळाच्या काट्यांबद्दल बोलत होतो. तुझ्या चित्रात जी एक गोष्ट खरोखर कमी झाली होती, तेवढी सोडून सगळं मोजून सांगत होतो.

मग तू गेलास आणि फोन करायला कोणी उरलं नाही.

आता जे लिहितो ते मला हा लेख लिहायला बसल्यावरच उमगलं. चौथीतलं ते भांडण कागदावर उतरवत होतो. त्यानंतर आपण तुझ्या शिवलेल्या पुस्तकातली गोष्ट तुमच्या खळ्यात खेळायचो. तू राजपुत्रही व्हायचास आणि राक्षसही. मी मापारी. आणि मला आठवलं, की त्यासाठी तू सायकलच्या जुन्या आऱ्याची तार वाकवून मला चष्मा करून दिला होतास. तो कानामागे टोचायचा. मी कुरकुर करायचो आणि तू म्हणायचास, "मापाऱ्याले चष्मा असते. बिनचष्म्याच्याले मापारी कोण म्हणीन?"

मला चष्मा लागला नववीत.

ही साधी वजाबाकी आहे. पाचवीतल्या पोरांना मी याहून अवघड घालतो. तो माणूस आधी होता, त्याचा चष्मा आधी होता, त्याची छत्री, त्याचं नाक, त्याचं नाव, सगळं माझ्या आधीचं. मी नंतर वाढत वाढत त्याच्यासारखा दिसायला लागलो, यात तुझा काय दोष? "थो तू कुठी हाय बे," असं तू म्हणालास ते अक्षरशः खरं होतं, आणि मी पुरावे देत बसलो. पुढे काही वर्षांत थोडा मी त्याच्यात मिसळलो असेन. किती, ते आता ठरवता येणार नाही. पण मी तुझ्याकडे येऊन माझं चित्र काढू नकोस असं सांगितलं असं मी समजत होतो, ते तसं नव्हतं. तुझ्या आईनं चहापत्ती आणायला पाठवलं तेव्हापासून जो तुझ्याबरोबर होता, ज्याला कोणी मारू शकत नाही असं तू म्हणायचास, त्याला मी घालवायला लावलं. तेही माझ्या एका खोट्या 'हो'वर. आणि तू त्याला माझ्या पोरीसाठी काढून टाकलंस, जेवण वाढायच्या आत.

मला माझी लाज वाटते, हे लिहिणं सोपं आहे. अवघड आहे ते हे, की मला लाज वाटते तरी मी अजूनही मनात कारणं शोधतो आहे. हे लिहितानाही दोनदा तुझी चूक दाखवायला गेलो. तू स्पष्ट का सांगितलं नाहीस. तू जोरात 'नाही' का म्हणाला नाहीस. तू गजू होतास, जोरात नाही म्हणणारा नव्हतास, हे मला चौथीपासून ठाऊक होतं.

इथपर्यंतचं लिखाण घेऊन मी काल दुपारी वहिनींकडे गेलो. त्या प्रदर्शनासाठी चित्रं पुसत बसल्या होत्या. मी म्हणालो, आधी वाचून दाखवतो, मग छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा. वाचत असताना त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. फडकं मात्र थांबलं.

वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुमी गेल्यावर हे लई वेळ तसेच बसले होते. मी विचारलं काय झालं. म्हणे, काई नाई, एक माणूस गावाले धाडला. मले वाटलं असंच बोलून राह्यले."

मी हातातले कागद जुळवून लावले.

"सभेत तुमी समोरच बसले होते भाऊजी. सर बोलत होते आन् तुमी मान हलवत होते. मी पाहिलं. मले वाटलं, यांले तरी खरं माहीत असन, हे हो म्हणतात तं तसंच असन. त्या रात्रीपासून मी मनात हेच घेऊन बसली, की यांले आपल्या मरणाचं समजत होतं आन् मले सांगितलं नाही. मले, घरच्या माणसाले, सांगितलं नाही. रोज त्यांच्यावर राग येते मले."

गजू, हे मला सुचलंच नव्हतं. माझ्या मान हलवण्यानं लोकांचं काय झालं याचा मी विचार केला होता, प्राध्यापकांचा केला होता, पेपराचा केला होता. वहिनींचा केला नव्हता. तू गेलास आणि त्यानंतरचे सगळे दिवस त्या तुझ्यावर रागावून होत्या, ते माझ्यामुळे.

"त्याला काही कळलं नव्हतं वहिनी," मी म्हणालो. "तो कोपरा माझ्यामुळे रिकामा होता. त्याला काही माहीत असतं तर तुम्हाला पहिलं सांगितलं असतं त्यानं."

त्यांनी तोंडाला पदर लावला. मग डोळे पुसून उठल्या, आतून एक पांढरा पुठ्ठा आणि पेन घेऊन आल्या आणि माझ्यापुढे ठेवला.

"त्या भिंतीवरचं 'रिकामा कोपरा' काढून टाका. तिथी काय लिहायचं ते लिहा. तुमचं अक्षर चांगलं हाय. आन् हे माह्या घरात मले सांगितलं तसं उद्घाटनाच्या दिवशी तिथी उभं राहून सांगा. मान तिथी हलवली ना? सांगायचं पण तिथीच."

"व्याही येणार आहेत," मी म्हणालो. माझ्या तोंडून निघून गेलं.

"येऊ द्या ना. त्यांलेबी ऐकू द्या."

प्राध्यापकांना मी तिथूनच फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अहो सर, लोकांना ते फार लागलं होतं. राहू द्या ना. कुणाचं काय नुकसान आहे त्यात?" मी म्हणालो, आहे. एका घराचं आहे. ते म्हणाले, बघा बुवा तुम्ही. मी म्हणालो, बघितलं.

मग मी पुठ्ठ्यावर लिहिलं. आधी लिहिलं, 'येथून पुढील चित्रांत मापारी नाही. एका परिचिताच्या आग्रहामुळे चित्रकाराने त्यास काढून टाकले.' वहिनींनी वाचलं आणि पुठ्ठा परत माझ्याकडे सरकवला.

"परिचित कोण?"

मी ते वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं, 'सुभाष यांच्या आग्रहामुळे, त्यांना तो आपणच आहोत असा गैरसमज झाल्याने, चित्रकाराने त्यास काढून टाकले.' पुढे माझं आडनाव आणि गाव लिहिलं, म्हणजे दुसऱ्या कोण्या सुभाषवर येऊ नये.

वहिनींनी पुन्हा वाचलं. मग माझ्या हातातून पेन घेतला आणि माझ्या नावाच्या आधी, वरच्या मोकळ्या जागेत, बारीक अक्षरात एक शब्द घातला. 'मित्र.'

तो मी खोडलेला नाही. पण माझ्या हातानं मी तो लिहिला नसता, गजू, हे तुला माहीत असावं.